एकविसाव्या वर्षी एफ.वाय.ला आलोय, बेसबॉलच्या निवड चाचणीला उतरू का?

सातपूरचा_कॅचर:
बारावी झाली आणि वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला. तीन वर्षं सातपूर एमआयडीसीत सीएनसी मशीनवर शिफ्ट केल्या. आता वडील काठी घेऊन चालतात, म्हणून यंदा एफ.वाय.बी.ए.ला प्रवेश घेतला. शाळेत राज्य पातळीपर्यंत कॅचर होतो, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारा. सोमवारी चाचणी आहे. कॅचिंगला माझ्याशिवाय एकच मुलगा, अठराचा. मला म्हणाला, "दादा, तुम्ही टी.वाय.ला का?" तेव्हापासून मन खातंय. त्याची जागा मी घेणं बरोबर आहे का? अमेरिकेत कॉलेज बेसबॉलला मोठ्या वयाचे फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, असतात म्हणे. तिथे काय नियम?

प्रोव्होहून_परत:
मी २०१५ ते १७ यूटामधल्या प्रोव्होला शिकत होते. तिथल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात बहुतेक मुलं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची. त्यातली बरीच अठरा-एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षं धर्मप्रचाराला जातात, मग येऊन खेळतात. एकवीस वर्षांचा फ्रेशमन पाहून तिथे कोणी वळूनही बघत नसे. एनसीएए म्हणजे तिथली कॉलेज खेळांची संघटना. तिच्या नियमात धर्मप्रचाराचा आणि सैन्यातल्या नोकरीचा काळ मोजत नव्हते. बाकीच्यांना शाळेनंतर साधारण एका वर्षाची सूट. त्यापुढे बाहेर संघटित सामने खेळत राहिलं, की कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या चार हंगामांतले हंगाम कापले जायचे. म्हणजे हरकत जास्तीच्या सरावाला होती. तू तर तीन वर्षं बॉलला हातही लावला नाहीस ना? मग अपराधी कशाला वाटून घेतोस!

पंचवटीचे_सर:
आधी आपल्याकडचं. आंतरविद्यापीठ स्पर्धेला १ जुलैला वय पंचविसाच्या आत लागतं. तू बसतोस. बारावीच्या गुणपत्रिकेबरोबर जन्मतारखेचा पुरावाही क्रीडा संचालकांकडे आत्ताच दे. ऐन वेळी कागदावरून अडलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता त्या पोराचं. आपला संघ फिल्डिंगला असेल तेवढा सगळा वेळ कॅचर उकिडवा बसतो. दिवसात दोन सामने आले, तर एका कॅचरचे गुडघे पुरत नाहीत. संघाला दोघं लागतातच. त्याला शेजारी घेऊन सराव कर, बाळा.

मला काळजी तुझ्या खांद्याची आहे. तू बसतोस त्या होम प्लेटपासून समोरचा सेकंड बेस १२७ फुटांवर, आणि धावणाऱ्याला बाद करायला थ्रो तिथवर मारावा लागतो. तीन वर्षांनी पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने थ्रो मारलास तर खांदा जाईल. या आठवड्यात साठ फुटांच्या पुढे जाऊ नकोस. चाचणीत लांबचे थ्रो मागितले तर सरांना खरं सांग. बॉल अडवणं आणि पायांची हालचाल दाखव.

सातपूरचा_कॅचर:
ताई, खरंच एकदाही ग्लोव्ह घातला नाही. सर, कागद आज दिले. त्या मुलाला फोन केला, उद्या सकाळी सहाला दोघं मैदानावर भेटतोय. त्याच्याकडे लेगगार्ड नाहीत, माझे जुने नेतोय. थ्रो साठ फुटांपर्यंतच.