कॉपी करणारं पोर मुळातच तसं असतं का?

खडूफळा:
दहावीच्या परीक्षा आल्या की स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "तो ना, मुळातच लबाड." मला हे पटत नाही. कॉपी स्वभावापेक्षा सेंटरवर जास्त अवलंबून असते. अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी १९२०च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना वर्गात, खेळात, घरच्या अभ्यासात मुद्दाम फसवायची संधी देऊन पाहिली. एके ठिकाणी फसवणारं मूल दुसरीकडे सरळ वागायचं, असं सर्रास दिसलं. मग लबाडीचा शिक्का मारायचा कोणावर? शिवाय खिडकीतून चिठ्ठ्या टाकणारे काका-मामा मोकळेच.

रोखठोक_नगरकर:
असहमत. सर, त्याच वर्गात, त्याच खिडकीशेजारी बसून चिठ्ठीला हात न लावणारी पोरंही असतात. ती कुठून आली? न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांवर लहानपणापासून लक्ष ठेवलंय. बालपणी ज्यांचा स्वतःवर ताबा कमी, त्यांच्यात ३२व्या वर्षापर्यंत गुन्ह्यात शिक्षा झालेले जास्त निघाले. घरची ऐपत आणि बुद्ध्यांक हिशेबात धरूनसुद्धा. परिस्थितीवर ढकललं की सगळेच सुटतात!

मोगरा:
नगरकर, अर्धंच सांगितलंत. टेरी मॉफिट याच ड्युनेडिनच्या अभ्यासातल्या संशोधक. लहानपणापासून सतत बिघडलेली मुलं थोडी, वयात येताना वाकडं वागून पुढे मार्गी लागणारी बरीच, असं त्यांनी १९९३मध्ये मांडलं. आणि मनःस्थितीचं काय? ती तर तुम्ही दोघांनीही सोडूनच दिलीत. मी शाळेत समुपदेशन करते. चिठ्ठीसकट पकडलेली मुलगी समोर बसते ना, तेव्हा ती बेफिकीर नसते, धास्तावलेली असते. नापास झाले तर घरचे शाळा सोडायला लावतील, लग्न उरकतील, ही भीती. मधल्या सुट्टीत लहान पोरांचे डबे हिसकावणाऱ्या दांडगटाच्या डोक्यात वेगळंच चाललेलं असतं. दोघांनाही "वाया गेलेले" म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण दोघांना एकच औषध कसं चालेल?

रोखठोक_नगरकर:
ताई, धास्ती खरी. पण धास्तावलेल्या सगळ्याच मुली चिठ्ठी आणत नाहीत.

खडूफळा:
नाहीत आणत, मान्य. पण एका वर्षी आमच्या सेंटरवर सगळे पर्यवेक्षक बाहेरच्या शाळांचे होते. त्या वर्षी कॉपीची एकही केस नाही. पोरं तीच, गावं तीच. स्वभाव काय दिवाळीच्या सुट्टीत बदलले?

रोखठोक_नगरकर:
कॉपी थांबली, की पकडणारे नवखे होते?