दोघा भावांना एकाच वेळी नेता येईल असा खेळ/क्लास – बडोद्यात काय सुचवाल?

वाघोडियारोडची_आई
नमस्कार. मला दोन मुलगे, थोरला १० वर्षांचा, धाकटा ७ चा. धाकट्याला ऑटिझम आहे. बोलतो थोडं, समजतं बहुतेक सगळं. शिट्टी, माइक, कुकर सहन होत नाही. रोज संध्याकाळी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहतो. वळताना भिंतीला पूर्ण तळहात टेकवतो आणि उलट फिरतो. मध्येच अडवलं तर सगळं पहिल्यापासून. थोरल्याला कुठलाही खेळ चालतो, पण धाकटा सोबत असला की पाच मिनिटांत 'आई, याला घे ना' सुरू होतं. त्याचंही बरोबर आहे.

मिस्टर भरूचला अप-डाऊन करतात, संध्याकाळी मी एकटी असते. म्हणून दोघांना एकाच ठिकाणी नेता येईल असं हवंय. बजेट दोघांचं मिळून महिन्याला २००० रुपये. थेरपीचा खर्च वेगळा आहे, त्यामुळे याच्या वर जमणार नाही. एका अकादमीत नेलं होतं. आठवडाही झाला नव्हता तेव्हा सर म्हणाले, याला घरीच सांभाळा. तसं पुन्हा नको.

मांजलपूरकर
स्विमिंग. दुसरा विचारच करू नका. माझ्या पुतण्याला (तोही ऑटिस्टिक) खासगी कोच लावलाय, महिन्याचे साडेचार हजार घेतो पण सोनं आहे माणूस. पाण्यात उतरला की पोरगं एकदम शांत. आता पाठीवर आरामात तरंगतो, आम्ही सगळे बघायला जातो.

जुना_बडोदेकर
ताई, बडोद्यात राहून क्लास कसले शोधता? जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा. आमच्या पिढीतली अर्धी मराठी पोरं तिथल्या मातीत वाढली. मल्लखांबाला ना शिट्टी लागते ना टीम. एक मुलगा चढतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत बसतात. दोरीचा मल्लखांब दोघांनाही जमेल.

गोत्रीची_आई
मल्लखांबाबद्दल एक अनुभव. लाकडी खांबाला एरंडेल लावलेलं असतं. माझ्या मुलाच्या हाताला ते लागलं आणि त्यानं दिवसभर हात धुतले. दोरीला तेल नसतं, पण ती पायाच्या अंगठ्यात घट्ट धरावी लागते. काही मुलांना तो दाब फार आवडतो, काहींना अजिबात नाही. आधी एकदा नुसतं बघायला घेऊन जा, गर्दी नसताना.

अकोट्याचा_ओपनर
दोघे भाऊ म्हटल्यावर क्रिकेट. इरफान आणि युसूफ पठाण आपल्या मांडवीतले, २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल दोघे एकत्र खेळले, इरफान सामनावीर. मग हार्दिक आणि कृणाल. भावांच्या जोड्या या गावाला लाभतात. माझा मुलगा अंडर-१४ च्या शिबिरात आहे. किटचे अठरा हजार झाले, पण शिस्त काय लागली म्हणून सांगू.

फतेहगंज_७८
पांड्या मूळचे सुरतचे. वडील पोरांच्या क्रिकेटसाठी बडोद्याला आले.

अकोट्याचा_ओपनर
घडले कुठे? बडोद्यात. मग बडोद्याचेच.

जुना_बडोदेकर
भाऊ नव्हते, पण जोडी म्हणाल तर विजय हजारे आणि गुल महंमद. १९४६-४७ ची रणजी फायनल, समोर होळकरांचा संघ, चौथ्या विकेटला ५७७ धावा. गुल महंमद ३१९, हजारे २८८. आमचे वडील शेवटपर्यंत सांगत होते.

वाघोडियारोडची_आई
सगळ्यांचे आभार. फक्त पुन्हा सांगते, २००० रुपये, दोघांचे मिळून. आणि क्रिकेटमध्ये धाकट्याला पाळीची वाट बघत उभं राहणं जमत नाही. शिवाय आउट झाल्यावर सगळे एकदम ओरडतात.

मांजलपूरकर
खासगी कोच नको असेल तर लालबागचा महानगरपालिकेचा तरणतलाव आहे, तिथे फी बरीच कमी. पण मी तरी कोचच लावा म्हणेन.

अलकापुरी_डॅड
घरीच ट्रॅम्पोलिन घ्या. जाळीवाला, सहा फुटी. आम्ही नऊ हजारांना घेतला. एकदाच खर्च, मग महिन्याची फी नाही.

फतेहगंज_७८
ट्रॅम्पोलिन अजिबात नको. आमच्याकडे दोन भाऊ एकदम चढले, धाकटा थोरल्याच्या अंगावर आदळला आणि ओठ फुटला. एका वेळी एकच मूल, असं त्या खोक्यावरच लिहिलेलं असतं. दोघांनी एकत्र खेळायचं हा ताईंचा मूळ प्रश्न आहे, तो त्यानं सुटतच नाही.

अलकापुरी_डॅड
नियम पाळले तर काही होत नाही. आमचा अजून नव्यासारखा आहे.

ओटी_ताई
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, अशा मुलांबरोबरच माझा दिवस जातो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा धाकटा गॅलरीत धावतो ती खोड नाही. धावणं, वळणं आणि तळहातानं भिंत दाबणं यातून स्नायू-सांध्यांना जो जोर मिळतो, त्यानं बरीच मुलं स्थिर होतात. खेळ कुठलाही निवडा, त्यात ढकलणं, ओढणं, लटकणं, धावणं यातलं काहीतरी असू द्या. जागेची हद्द डोळ्यांना दिसली पाहिजे. सुरुवात आणि शेवट रोज सारखाच. 'अजून पाच मिनिटं' हे नुसतं तोंडी सांगून त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल तर वाळूचं घड्याळ समोर ठेवा. घरून निघण्याआधी चित्रांची पट्टी दाखवा: बूट, स्कूटर, मैदान, पाणी, घर.

शिक्षक कोणीही असोत, पहिल्या दिवशी दोनच गोष्टी विचारा. शिट्टीऐवजी हात वर करून खूण कराल का? आणि मुलगा उठून बाजूला गेला तर त्याला जाऊ द्याल का? यावर जो कुरकुरतो त्याच्याकडे पैसे भरू नका, अकादमी कितीही नावाजलेली असो.

पोहण्याबद्दल मांजलपूरकरांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना पाण्याची ओढ असते आणि धोक्याची जाणीव कमी. पोहणं आज ना उद्या शिकवाच. बंदिस्त तलावात आवाज घुमतो, उघडा बघा.

स्पेशल ऑलिम्पिक्स भारतमध्ये स्पर्धेत उतरायला किमान वय ८ आहे. पण ते बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी आहे, नुसतं ऑटिझमचं निदान पुरत नाही. तिथल्या युनिफाइड प्रकारात अक्षमता असलेली आणि नसलेली मुलं एकाच संघात खेळतात, म्हणजे भाऊ-भाऊ एकत्र येऊ शकतात.

गोत्रीची_आई
ओटी ताईंना +१. शिट्टीचं तर अगदी. आणि कानावर घालायचे मफ घ्या, कारखान्यात मशीनवर वापरतात तसे, पण मुलांच्या मापाचे. आमचे पाचशेच्या आत आले. नवरात्रात नऊही रात्री गरबा आमच्या सोसायटीच्या गेटापाशी असतो. मफ आल्यापासून मुलगा खाली उतरतो, कडेकडेनं फिरतो. उत्तरायणला (संक्रांतीच्या पतंगांना) मात्र गच्चीवर नेत नाही. आवाज सांभाळता येतो, मांजाचं काय करणार?

वाडी_रंगमहाल
बजेटचा विषय निघालाच आहे म्हणून. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना काढली का? ऑटिझमला वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर आहे, ओपीडीतल्या थेरपीचाही काही खर्च परत मिळतो. दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ अक्षमता आहेत त्यांत ऑटिझम आहे, कोणी नाही म्हणालं तर ऐकून घेऊ नका. बिलं जपून ठेवा. आमच्या वेळी एक कागद कमी म्हणून तीनदा परत पाठवलं, तरी शेवटी काम झालं.

थोरला_दादा
सहसा लिहीत नाही. मी असा थोरला भाऊ आहे, आता तिशीत आहे. धाकट्याला ऑटिझम.

लहानपणी माझं कौतुक एकाच गोष्टीचं व्हायचं: किती समजूतदार आहे. तो शब्द ऐकला की पोटात खड्डा पडायचा, कारण त्यानंतर नेहमी 'जरा याला बघ' यायचं. मी शाळेच्या खो-खो संघात होतो. घरच्यांनी एकही सामना पाहिला नाही, कुणीतरी घरी थांबायलाच हवं होतं. भावावर राग नव्हता, आजही नाही. आम्ही रोज फोनवर बोलतो. पण ताई, एक वेळ अशी ठेवा जी फक्त थोरल्याची असेल. तेव्हा त्याला कुणाकडेही बघायचं नसेल.

अकोट्याचा_ओपनर
दादा, मनापासून लिहिलंत. म्हणूनच म्हणतो, थोरल्याला क्रिकेट लावा.

जिमखाना_रोड
कोणी स्विमिंग सुचवलं का? आमच्या भाचीला खूप फायदा झाला.

वाघोडियारोडची_आई
आज निर्णय घेतला. सगळ्यांचं वाचलं, काही घेतलं, पण क्लास कुठलाच लावत नाही. पोहणं पुढच्या उन्हाळ्यात नक्की, लालबागची फी विचारून ठेवते.

ओटी ताईंची गॅलरीत धावण्याबद्दलची दोन वाक्यं मी मिस्टरांना वाचून दाखवली. धाकटा रोज धावतोच आहे, आणि आम्ही त्याला थांबवण्यासाठी क्लास शोधत होतो. मग धावणंच का नको? रविवारी सकाळी सहाला चौघं पोलो मैदानावर गेलो, कोणी नव्हतं. चुन्यानं दोन रेषा आखल्या. पण तिथे भिंत नाही, त्यामुळे धाकटा रेषेपाशी जाऊन नुसता उभा राहिला. थोरला त्या टोकाला होता. त्यानं आपणहून तळहात पुढे केला. धाकट्यानं त्यावर हात दाबला, वळला आणि सुटला. मग थोरला बाबांचं स्टॉपवॉच घेऊन त्याची वेळ मोजत बसला, आणि त्यानंतर स्वतःची. 'याला घे' एकदाही झालं नाही.

आता आठवड्यात चार दिवस सकाळी सहाला, मिस्टरांच्या गाडीच्या वेळेआधी. संध्याकाळचा प्रश्न तसाच राहतो, चालेल. शनिवारी संध्याकाळी थोरला आणि बाबा दोघंच बॅट घेऊन जाणार, मी आणि धाकटा घरी. दादा, हे तुमच्यामुळे.

निरामयचे कागद काढायला घेतलेत. आता फक्त बुटांचं सांगा. धाकटा नवीन बूट पायात ठेवत नाही, मोज्यासकट काढून फेकतो.

अलकापुरी_डॅड
चांगल्या ब्रँडचे रनिंग शूजच घ्या, मुलांचे साडेतीन-चार हजारांत येतात. पायात तडजोड नको.

मांजलपूरकर
छान सुरुवात आहे. तरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू नका, कोचचा नंबर तुम्हाला मेसेज करतो.

गोत्रीची_आई
बूट साधेच पण वेल्क्रोचे घ्या, आणि जुने दाखवून अगदी तसेच मागा. नवे आधी घरात घालू द्या. मोजे उलटे घालून बघा, बोटांवरची शिवण बाहेर येते. आमच्याकडे टोचत होतं ते तेच.