मदत हवी आहे: रसायनशास्त्रातून शाश्वततेच्या संशोधनाकडे कसं वळावं?

नमस्कार मंडळी,

मी बीएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाश्वततेवर विद्यापीठातच काहीतरी खरं काम करायची मनापासून इच्छा आहे, पण कुणाचं दार ठोठवायचं ते कळत नाही. आमच्याकडे या नावाचा वेगळा विभाग नाही. पाण्याचं काम स्थापत्यवाले बघतात, मातीचं वनस्पतिशास्त्रवाले. ऐच्छिक विषयात शाश्वत विकासावरचा १९८७ चा ब्रुंटलँड अहवाल वाचला, संयुक्त राष्ट्रांची २०१५ ची १७ शाश्वत विकास उद्दिष्टं पाठ केली, पण हाताने काहीच मोजलं नाही.

मनात विषय आहे तो वसतिगृहाच्या मेसच्या ओल्या कचऱ्याचा. हा कचरा डेपोत हवेविना कुजला की मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. तोच आवारात कंपोस्ट केला तर किती उत्सर्जन वाचेल, हे मला प्रकल्पात मांडायचं आहे. एका सरांना सांगितलं तर म्हणाले, "हे संशोधन नाही, स्वच्छता मोहीम आहे." फार लागलं ते.

खरंच हे संशोधन होऊ शकत नाही का? गाइड कोणत्या विभागात शोधू? आणि पुढे एमएस्सी रसायनशास्त्रातच करावी की थेट शाश्वततेच्या अभ्यासक्रमाला जावं?

प्रतिसाद १
होऊ शकतं, फक्त प्रश्न बदला. "कंपोस्ट चांगलं का?" याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. पण ढीग फार ओला राहिला, हवा खेळली नाही, तर कंपोस्टमधूनही मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे तापमान वाढवणारे वायू निघतात. मेसच्या कचऱ्यात नायट्रोजन आणि पाणी जास्त. कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर २५ ते ३० वर आणायला वाळका पालापाचोळा किती लागेल? हा रसायनशास्त्राचाच प्रश्न आहे, आणि तो तुम्हालाच चांगला सोडवता येईल.

जीवनचक्र मूल्यांकन, म्हणजे एखाद्या गोष्टीचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पर्यावरणावर होणारा परिणाम मोजायची पद्धत, शिकून घ्या. आयएसओ १४०४० या आंतरराष्ट्रीय मानकात त्याची चौकट आहे, त्यासाठीचं ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोजमापाचं एकक आधी ठरवा, उदा. १ टन ओला कचरा. या हिशेबाला लागणाऱ्या आकडेवारीच्या डेटाबेसचा परवाना ग्रंथालयाकडे आहे का, तेही विचारा. गाइड पर्यावरणशास्त्रात किंवा स्थापत्यच्या पर्यावरण शाखेत मिळेल. जाताना निदान आठवड्याची वजनं सोबत न्या, नुसती कल्पना नको.

प्रतिसाद २
एमएस्सी रसायनशास्त्रातच करा, असं माझं मत. एक विषय पक्का असला की बाकीचं जोडता येतं. मेसच्या व्यवस्थापकांची लेखी परवानगी मात्र आधी घ्या.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार, आता धीर आला. परवानगीचं पत्र आजच लिहिते. कचऱ्याच्या नमुन्यातला ओलावा मोजायला तो ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास वाळवला तर पुरेल ना?

प्रतिसाद १
साधारण पुरतं. पण घड्याळ बघून थांबू नका, वजन स्थिर होईपर्यंत ठेवा.