मदत हवी आहे: माळरानावर गवत आणि झाडे एकत्र टिकतात ती पाण्यामुळे की आग-चराईमुळे?

नमस्कार.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आमचे गाव आहे. गायरानाचा एक तुकडा ग्रामपंचायतीने चराईसाठी बंद केला असून वणवा आत शिरू नये म्हणून कडेने जाळरेषा काढल्या आहेत. गुरे आणि आग थांबली की येथे आपोआप जंगल उभे राहील, अशी गावातील अनेकांची अपेक्षा आहे. मला ती पटत नाही, परंतु खोडून काढण्याइतका पुरावाही माझ्याजवळ नाही. वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुरमाड माळावर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते आणि हिवर, बोर, खैर ही झाडे शेजारी शेजारी कशाच्या बळावर टिकून आहेत, हे जागेवर कसे पडताळावे?

वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिख वॉल्टर यांची जुनी मांडणी अशी की, गवताची मुळे वरच्या थरातले पाणी घेतात आणि त्यातून निसटून खाली मुरलेले पाणी झाडांच्या वाट्याला येते. आमच्या माळावर मात्र वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतो, त्यामुळे दुसरा थर म्हणायचा कोणता, असा प्रश्न पडतो. ओढ्याच्या कापलेल्या काठावर हिवराची मुळे बेसॉल्टच्या भेगांतून खोल उतरलेली दिसतात, म्हणजे मोठ्या झाडाची सोय झाली. पण रोपटे त्या भेगेपर्यंत पोहोचेपर्यंत गवताच्याच थरात, गवताशीच झगडत असते.

आफ्रिकेतील ८५४ ठिकाणांच्या माहितीवर आधारित अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार वार्षिक पाऊस साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर झाडोऱ्याची कमाल मर्यादा पाऊसच ठरवतो. त्याहून जास्त असेल, तर गवताला जागा राहण्यासाठी आग किंवा चरणारे प्राणी लागतात. पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीत, गुरांकडून रानटी प्राण्यांनाही लागणारा बुळकांडी हा रोग आटोक्यात आल्यावर विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या प्राण्याची संख्या १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या सुमारे अडीच लाखांवरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस बारा लाखांपलीकडे गेली, गवत खाल्ले गेल्याने वणवे घटले आणि झाडे वाढली. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून चाललेल्या जाळण्याच्या प्रयोगांत आगीने झाडांची संख्या फारशी बदलली नाही, पण त्यांची उंची खुंटली.

आमचा पाऊस आफ्रिकेतल्या त्या मर्यादेच्या थोडा खाली आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे: इतक्या सीमेवर पाऊस की आग-चराई, हे त्या आकड्यावरून ठामपणे सांगता येत नाही. शिवाय भारतातील माळांना तो आकडा जसाच्या तसा लावता येईल, असे मी गृहीत धरत नाही.

जाळरेषेबाहेर गेल्या उन्हाळ्यात जळालेल्या भागात गुडघ्याएवढ्या हिवराच्या बुंध्याशी पाच-सहा फुटवे आले आहेत, आणि बाजूची माती उकरली असता मूळ मनगटाएवढे जाड निघाले. वर दिसते त्यापेक्षा हे झाड कितीतरी जुने असणार. कुसळीचे बीज तर ओल लागताच आपल्या कुसळाच्या पिळाने जमिनीत शिरते. दोघांनाही आगीची सवय आहे, हे उघड दिसते. पण झाडांना रोखते ती आगच, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

माझा विचार असा आहे: आग आणि शेळ्या झाडांना दाबून ठेवत असतील, तर जाड मुळाची, पण खुजी झुडपे भरपूर सापडावीत आणि बंदिस्त तुकड्यात ती काही वर्षांत उंच व्हावीत. पाण्याची टंचाई मुख्य असेल, तर रोपे पावसाळ्यात उगवून उन्हाळ्यात मरावीत आणि भोवतालचे गवत उपटलेल्या जागी जास्त जगावीत. ही विभागणी योग्य आहे का? गवत उपटलेले व न उपटलेले, तसेच शेळ्यांपासून कुंपण घातलेले व उघडे असे चौकोन आखायचे असतील, तर ते किती मोठे घ्यावेत आणि खोडाचा घेर कोणत्या उंचीवर मोजावा?

घाईचे कारण असे की, याच तुकड्यात खड्डे घेऊन गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडे लावण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. ही गवते भरपूर उन्हात वाढणारी आहेत, दाट सावलीत ती मागे हटतात, आणि त्यांच्यावर धनगरांच्या मेंढ्यांपासून चिंकारापर्यंत अनेकांचा जीव अवलंबून आहे. प्रस्तावावर पावसाळ्यापूर्वी निर्णय होणार आहे. दख्खनच्या माळांवर प्रत्यक्ष मोजणी केलेल्या जाणकारांनी, किमान पहिल्या हंगामात काय नोंदवावे एवढे तरी, कृपया सांगावे.