कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय, तातडीने मदत हवी आहे

खाडीकाठ:
मंडळी, घरचा कॉम्प्युटर चालू केला की वीस-पंचवीस मिनिटांत खटकन बंद. लगेच परत लावला तर पाच मिनिटंही टिकत नाही. दुरुस्तीवाला दोनदा आला, दोन्ही वेळा फॉरमॅट मारून पैसे घेऊन गेला. काळजी घेत नाही असंही नाही, रोज पुसते. लेकीचा अर्ज भरायची उद्या शेवटची तारीख आहे. लवकर सांगा.

शेवटचा_बाक:
डेस्कटॉप की लॅपटॉप? किती जुना? निळा स्क्रीन येतो की थेट काळोख? गाव कुठलं?

खाडीकाठ:
डेस्कटॉपच हो. थेट काळोख. गावाचा काय संबंध?

जुनाबाजार:
रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढा, तिची सोनेरी कडा खोडरबरने घासा, परत बसवा. माझी तीन मशीन याच खोडरबरावर जगलीत.

टक्स_भक्त:
विंडोज १० आहे का? १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स मिंट टाका, जुनं मशीन पळायला लागेल.

जुनाबाजार:
त्या बंद पडतोय म्हणतायत, हळू चालतोय म्हणत नाहीयेत. प्रत्येक धाग्यावर तुमचं मिंट!

टक्स_भक्त:
आणि तुमचं खोडरबर? रॅम सैल असती तर बीप वाजून सुरूच झाला नसता.

जुनाबाजार:
तसं काही नसतं. मध्येच लटकतो कधीकधी.

शेवटचा_बाक:
तुमचं चालू द्या. ताई, थंड असताना जास्त चालतो आणि लगेच लावला की कमी, म्हणजे तापतोय. डबा ठेवलाय कुठे? गाव विचारलं ते दमट हवेसाठी.

खाडीकाठ:
चिपळूण. टेबलाखालच्या कप्प्यात, दार लावून. ८ वर्षं झाली.

मधुमालती:
अय्या, चिपळूण माझं माहेर! २०२१च्या पुरात बुडाला नव्हता ना? आमच्या दादाचं तर फ्रिजसकट सगळं गेलं.

खाडीकाठ:
नाही, आम्ही वरच्या मजल्यावर. आणि धूळ जायचा प्रश्नच नाही, कव्हर आहे ना.

शेवटचा_बाक:
कव्हर? चालू असतानाही?

खाडीकाठ:
हो मग. बटणापुरतं भोक आहे, मागे वायरींपुरतं. सासूबाईंनी मिक्सरच्या कव्हराबरोबर शिवलंय, आतून फ्लॅनेल लावून.

शेवटचा_बाक:
सापडलं! अहो, आतले पंखे गरम हवा मागून बाहेर टाकतात. तुम्ही त्याला दुलईत गुंडाळून कपाटात कोंडलाय. फार तापला की तो स्वतःला वाचवायला बंद होतो. आधी बाहेर काढा, कव्हर काढा, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. मग प्लग काढून बटण दहा सेकंद दाबून धरा, बाजूचा पत्रा उघडा आणि मऊ ब्रशने धूळ झाडा. फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याने स्थिर वीज तयार होते. एवढं करूनही तापला तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) वाळली असणार, ती बदलून घ्या. दमट हवेचं म्हणाल तर पावसाळ्यात रोज अर्धा तास चालवला की आतला ओलावा आपोआप सुकतो. कव्हर घालायचंच तर बंद करून गार झाल्यावर.

नारळीपौर्णिमा:
विजा चमकायला लागल्या की नुसता प्लग काढून भागत नाही, इंटरनेटची तांब्याची वायरही काढायची. आमचा मदरबोर्ड त्या वाटेने गेला. अर्थिंग तपासलंय का?

टक्स_भक्त:
मिंट टाकलं तर प्रोसेसर कमी तापतो.

जुनाबाजार:
झालं, आता धाग्याचं काश्मीर.

खाडीकाठ:
पत्रा उघडला. प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीत बोटभर धूळ, गोधडीच! शिवाय पालीची दोन अंडी. फॉरमॅटवाल्याने डबा उघडलाच नव्हता तर. झाडून, टेबलफॅन समोर ठेवून दोन तास चालवला. अर्ज गेला. पेस्ट आठवड्यात बदलून घेते. आता अडचण एकच, सासूबाई सकाळपासून विचारतायत, कव्हर कुठे गेलं?

जुनाबाजार:
ते ठीक आहे. रॅम घासलीत का?