सल्ला हवा: कामगार चळवळीतल्या वकिलांवर 15 मिनिटं बोलायचंय, कोण घेऊ? (पुस्तकाचं बजेट 500)

अमळनेरची_पोर: नमस्कार मंडळी. 1 मे ला अमळनेरला युनियनच्या हॉलमध्ये बोलायला बोलावलंय. विषय त्यांनीच दिलाय, ‘विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे वकील आणि कामगार चळवळ’. समोर बहुतेक प्रताप मिलमधून निवृत्त झालेले काका-आजोबा असतील. पुस्तकी बोलले की चहाला उठतील. एकच माणूस घ्यायचा म्हणते. कोण घेऊ आणि वाचू काय? 500 च्या वर पुस्तक नको, वकिली नवीन आहे.

तापीकाठचा: टिळक घ्या, विषय संपला. 22 जुलै 1908 ला सहा वर्षांची शिक्षा झाली नि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद. वर्षाला एक दिवस! मी टिळकांचे सगळे खंड घेतलेत, साडेचार हजार गेले, पण कपाटात काय दिसतात भो. घेऊन टाका.

काळा_कोट: टिळक एलएलबी होते, कायद्याचे क्लास घ्यायचे, पण कोर्टात वकिली केली नाही त्यांनी. खरा माणूस बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. माझगावचे. टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष, 1920 ला आयटक (कामगार संघटनांची देशभरची संघटना) उभी राहिली त्यात पुढे, नंतर मुंबईचे महापौर. आणि खटल्याचंच सांगायचं तर हे सांगा: 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील दावर. 1908 ला शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती तेच दावर. हॉल गप्प बसेल.

खान्देशी_ठेचा: वकिलांचं कौतुक, तेही 1 मे ला? आमच्या बांधाची केस आहे, वकील प्रत्येक तारखेला पुढची तारीख घेतो नि वर फी मागतो. चळवळ कसली करतात हे.

भरीत_पार्टी: साने गुरुजी घ्या ना, अमळनेरला दुसरं कोण लागतं?

काळा_कोट: गुरुजी शिक्षक होते भाऊ. प्रश्न तरी वाचा.

जंक्शनवाला: पुस्तकं सोडा, भुसावळला या. 1930 चा जीआयपी रेल्वेचा (आताची मध्य रेल्वे) संप, पुढारी नागपूरचे रुईकर, वकील माणूस. आमचे आजोबा लोकोशेडला, म्हणजे इंजिनांच्या शेडला होते. घरात अजून सांगतात, कॉलनीत किराणा उधारीवर चालायचा आणि शेजारी कामावर गेला की त्याच्या दारात कोणी पाणी पीत नसे. हे कुठल्या खंडात नाही, तापीकाठच्यांना सांगतो.

धुळेकर_आबा: पोरी, बाबासाहेब घे. 1937 ला धुळे कोर्टात खटल्यासाठी आले होते, लळिंगला मुक्काम होता. 1936 ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप. कामगार पुढारी डांगे, परुळेकर बरोबर. बॅरिस्टर आणि कामगार पुढारी एकाच अंगरख्यात. सरकारी ग्रंथागारात खंड स्वस्तात मिळतात, पण पूर्ण संच आला की मगच घे. मी सुटे घेतले, मधलेच दोन अजून मिळाले नाहीत.

तापीकाठचा: 1938 म्हणजे शतकाची सुरुवात? टिळकच.

शहादेकर: मला कोणी समजावून सांगा. गिरणीत एक दिवस न राबलेला वकील युनियनचा पुढारी होतोच कसा?

निवृत्त_हेडक्लार्क: मी सांगतो. कामगारानं अध्यक्षपद घेतलं की दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचा पास काढून घ्यायचे. वकिलाला कामावरून काढणार कोण? शिवाय मालकाला इंग्रजीत नोटीस लिहायला माणूस लागायचा. मद्रासला 1920-21 मध्ये गिरणीवाल्या बिन्नी कंपनीनं वाडिया नावाच्या बाहेरच्या पुढाऱ्यावर हायकोर्टातून मनाई हुकूम आणला, तेव्हा कळलं की युनियनला कायद्याचं कवचच नाही. मग 1926 चा ट्रेड युनियन कायदा आला. त्याच्या मूळ कलम 22 नं (2001 ला ते बदललं) ठरवलं, निदान निम्मे पदाधिकारी त्याच उद्योगात राबणारे हवेत. म्हणजे उरलेल्या निम्म्यांत बाहेरच्यांना रस्ता खुला झाला.

खान्देशी_ठेचा: म्हणजे कायद्यानंच घुसवले.

काळा_कोट: बॅप्टिस्टा 1926 च्या आधीपासून होते. घुसवायची गरज नव्हती.

भरीत_पार्टी: तरी गुरुजींचं एखादं वाक्य टाकाच.

अमळनेरची_पोर: सगळ्यांचे आभार. तापीकाठचे दादा, साडेचार हजार ऐकून हसले. मी माणूस घेतच नाहीये. 1926 चं मूळ कलम 22 घेते. बेअर अ‍ॅक्ट (नुसत्या कलमांचं पुस्तक) सिनियरच्या कपाटात पडलाय, खर्च शून्य. वाडियांच्या मनाई हुकमापासून सुरू करेन, दावरांचा किस्सा मध्ये टाकेन आणि मग विचारेन, तो जुना नियम लावला तर आपल्या युनियनच्या कमिटीत निम्मे कोण आहेत? अध्यक्ष स्वतः वकील आहेत, पुढच्याच रांगेत बसतात.

धुळेकर_आबा: बाबासाहेबांना सोडून कलम घेतेस? असो. अध्यक्षांना आधी सांगून ठेव.

तापीकाठचा: टिळकांशिवाय 1 मे ला कोण ऐकतं.

खान्देशी_ठेचा: कमिटीची यादी आली की इथे टाका. आणि धुळ्यात दिवाणी केसचा बरा वकील कोणी सुचवाल का?