भिवंडीची गोदामे : उत्पन्न गावांचे, भार शहरावर?

धागाकर्ता :
जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता भिवंडी तालुक्यातील आमणे येथे येऊन टेकला. त्यानंतर भिवंडीला मालवाहतुकीची राजधानी म्हणण्याची चढाओढ सुरू आहे. मला हे कौतुक अर्धवट वाटते. मुंबईत जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा कर) होती तोवर व्यापारी मुलुंड नाक्याच्या बाहेर, भिवंडीच्या बाजूला माल साठवत आणि लागेल तेवढाच आत नेत. गोदामांचे मूळ तिथे आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, पण राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवण्याचे कारणही संपल्याने कंपन्यांनी इथे मोठमोठी गोदामे घेतली. मात्र ती बहुतांशी काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, मानकोली अशा ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत. घरपट्टी तिकडे जमा होते, तर कामगारांची वस्ती, पाणी आणि कोंडी यांचा मोठा भार भिवंडी महापालिकेवर पडतो. ही गावे शहरात घ्यावीत, असे माझे मत आहे.

खाडीकाठचा :
साफ असहमत. नवी मुंबईसाठी सिडकोने (ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने) शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. मोबदल्यासाठी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. भिवंडीच्या आगरी शेतकऱ्यांपैकी अनेकांनी भातखाचरे न विकता त्यांवर स्वतः गाळे बांधले आणि भाडे घरात आणले. जी महापालिका आपल्या हद्दीतील यंत्रमागांच्या गल्ल्यांचे रस्ते धड ठेवू शकत नाही, तिच्या हाती आम्ही गावे का द्यावीत? शिवाय या गावांचे नियोजन आधीच एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) आहे.

माथाडी :
भाडे घरात आले हे खरे, पण त्या गाळ्यांपैकी किती परवानगीने बांधले गेले? एप्रिल २०२३ मध्ये वळ येथे कोसळलेल्या इमारतीत खाली गोदामाचे काम चालू होते आणि वर कुटुंबे राहत होती. हमालांना संरक्षण देणारा माथाडी कायदा १९६९ पासून आहे, तरीही नव्या गोदामांत भरणी-उतरणीला ठेकेदाराची माणसे असतात आणि त्यांची माथाडी मंडळाकडे नोंद नसते. हद्द कोणाची, हा वाद जमीनमालक आणि महापालिका यांचा आहे. हमालाला दोन्हीकडे सारखेच.

धागाकर्ता :
सिडकोचा मुद्दा वजनदार आहे, पण गाव महापालिकेत गेले म्हणून जमिनीची मालकी जात नाही. जाते ती ग्रामपंचायतीची सत्ता, आणि खरी अडचण बहुधा तीच असावी. एमएमआरडीए आराखडा करते, कचरा उचलत नाही. दिवा–वसई लोहमार्गावर भिवंडी रोड स्थानक असूनही प्रवासी गाड्या मोजक्याच आहेत, त्यामुळे कामगार आणि कंटेनर एकाच रस्त्यावर येतात. (मानकोली नाक्यावर संध्याकाळी अडकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.)

खाडीकाठचा :
मग गाड्या वाढवण्याची मागणी करा, त्यात आम्ही सोबत आहोत. विलीनीकरणाला मात्र ग्रामसभांचा विरोध राहील.